भाऊजींची साक्षीदार

आमच्या मोठ्या दिरांइतका रागीट माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर तो त्यांच्याशी भांडून जिल्हा सोडून गेला असेल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं. हा पाण्याचा पिंप, हा देव्हारा, आणि हे मोठे भाऊजी, ह्यांच्याशी सकाळचा चहा होईपर्यंत बोलायचं नाही. चहानंतरही बोललं नाही तर उत्तम, एवढं सांगायचं त्या विसरल्या. नव्या नवरीचा उत्साह म्हणून मी दुसऱ्याच दिवशी सगळं घर फिनेल टाकून पुसून काढलं. भाऊजी कॉलेजातून आले, उंबऱ्यातच थांबले, नाकपुड्या फुलवून हवा हुंगली आणि विचारलं, "कोणी मारलं?" मला वाटलं, झुरळांबद्दल विचारतायत. मी अभिमानाने म्हटलं, मी मारली. त्यावर त्यांनी बूटही न काढता मला जे सुनावलं त्यात झुरळाचं नावही नव्हतं. मारले गेले होते ते जिवाणू. ते आपल्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर राहत होते, त्यांच्यातले बहुतेक कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते, आणि त्यांच्या जिवावर जगणाऱ्या माणसाने त्यांच्यावर फिनेल ओतावं हा शुद्ध नीचपणा होता. मीही काही गरीब गाय नव्हते. मी म्हटलं, मग उद्यापासून फरशी तुम्हीच पुसा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून आमचं जमलं, म्हणजे आम्ही रोज भांडू लागलो.

भाऊजी कल्याणच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. लग्न केलेलं नव्हतं, कारण त्यासाठी दुसऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं लागतं. त्यांना कशाकशाचा राग येई हे सांगत बसण्यापेक्षा कशाचा येत नसे हे सांगणं सोपं, पण ते मला अजून आठवायचंय. 'जंतू' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारला की संपलं. रेडिओवर साबणाची जाहिरात लागली आणि बाई गोड आवाजात जंतूंचा नाश करायला लागली की ते रेडिओशी भांडत. सोसायटीच्या सेक्रेटरीने इमारतीमागच्या मोकळ्या जागेवर सिमेंट टाकायचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी सभेत उभं राहून विचारलं की तुम्हाला जिवंत असताना कोणी सिमेंटमध्ये गाडलं तर चालेल का. ठराव बारगळला, पण सेक्रेटरी त्यानंतर आमच्या मजल्यावर कधी वर्गणी मागायला आला नाही.

ह्या सगळ्या भांडणांची एक पद्धत होती. भाऊजी भांडायला एकटे कधी जात नसत. साक्षीदार लागे. सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि आमचे हे समोरच्या माणसालाच "जाऊ द्या हो" म्हणून मोकळे होत, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. माझी बँक ठाण्याला आणि शनिवारी अर्धा दिवस, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणची भांडणं ते शनिवारी दुपारी ठेवत. साक्षीदाराने काही बोलायचं नसे. नुसतं शेजारी उभं राहायचं. भांडण संपलं की बाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर ते रुमालाने चष्मा पुसत आणि हळूच विचारत, "जास्त बोललो का?" ह्याला उत्तर एकच होतं, "नाही, कमीच." मग त्यांचा चेहरा निवळे आणि ते मला उसाचा रस पाजत. ग्लास धुतलेलं पाणी कसलं आहे यावरून रसवाल्याशी पुढचं भांडण होई, पण त्याला साक्षीदार लागत नसे.

एकदा खोपटच्या एसटी डेपोत, गाड्या उभ्या राहतात त्याच्या मागे, तेलाने काळ्या पडलेल्या जमिनीत ते उकिडवे बसून चमच्याने माती उकरत होते. चमचा माझ्या रुखवतातला होता. मी पर्स घेऊन शेजारी उभी. एक कंडक्टर आला आणि म्हणाला, "ओ काका, काय पुरताय काय इथे?" भाऊजी मान वर न करता म्हणाले, पुरत नाही, काढतोय. झालं, माणसं जमली. काय काढतोय म्हणून सगळे वाकून बघू लागले. चमच्यात माती बघून कंडक्टर म्हणाला, "ही माती तर आमच्या डेपोची आहे, परवानगी काढली का?" त्यावर भाऊजी उठले आणि डिझेल पिऊनसुद्धा जिवंत राहणारे जीव ह्या मातीत आहेत, तुमच्या महामंडळाने त्यांची परवानगी काढली होती का, असा त्यांनी सवाल केला. शेवटी डेपोतल्या साहेबांनी आम्हाला चहा देऊन वाटेला लावलं. औषधाच्या रिकाम्या बाटलीत ती माती आली आणि बाटलीवर चिठ्ठी लागली, 'खोपट'. अशा बाटल्यांची एक फळीच होती आमच्याकडे. टिटवाळ्याच्या भातखाचरातली, कल्याणच्या खाडीकाठची, आणि सगळ्यांत लाडकी आंबिवली स्टेशनाबाहेरच्या बांधावरची.

ह्या आंबिवलीच्या मातीतून त्यांनी एक जिवाणू वेगळा काढला होता आणि त्याच्यावर त्यांचं पीएच.डी.चं काम चाललं होतं. मला विज्ञानातलं ओ का ठो कळत नाही, पण पोळ्या लाटताना इतकी वर्षं ऐकलं की दगडालाही कळेल. हा जिवाणू एकटा ठिपका होऊन राहत नाही, मुळांसारखे धागे फुटून मातीत पसरतो. खायला मिळतंय तोवर निवांत पसरतो. अन्न संपलं की मात्र त्याच्या घरात धांदल उडते. वरच्या बाजूला हवेत पांढरे केस फुटतात, त्या केसांचे पुढे तुकडे पडून राखाडी बीजं होतात, आणि ती बीजं उन्हातान्हात वर्षानुवर्षं तग धरतात. त्याच वेळी तो शेजारपाजारच्यांना मारायचं औषध तयार करतो. आता ह्या सगळ्याचं ज्ञान त्याच्या जनुकांत पहिल्यापासून असतंच. मग ते इतके दिवस गप्प का बसतं, आणि नेमकं उपाशी पडल्यावर त्याला बोलायला कोण सांगतं? हा भाऊजींचा प्रश्न होता. ते मला धाकटी म्हणत आणि कारखान्याचं उदाहरण देत. "कामगार तेच गं धाकटे, यंत्रं तीच. पण संकट आलं की मुकादम बदलतो. जुना मुकादम ज्यांना बसवून ठेवायचा त्यांना नवा कामाला लावतो. मला तो मुकादम हवाय."

तो मुकादम सापडावा म्हणून त्यांनी कॉलेजात त्या बिचाऱ्या जिवाणूंवर अतिनील किरण सोडून त्यांच्यात बिघाड केले होते. ज्यांच्यात बिघाड झाला त्यांना उपाशी ठेवलं तरी केस फुटत नसत, बशीत नुसता गुळगुळीत चकचकीत थर. ते सगळे टकले. हा शब्द माझा नाही, शास्त्रातच त्यांना तसं म्हणतात. कोणाचं काय बिघडलंय ते शोधलं की मुकादम कसा नेमला जातो ते कळणार होतं. ह्या टकल्यांना भाऊजींनी आकडे दिले नव्हते, ज्यांचा राग आला त्या माणसांची नावं दिली होती. एक प्राचार्य, एक सेक्रेटरी, एक वायरमन. फिनेलच्या प्रसंगानंतर एक धाकटीही झाली. एक मात्र इतका हट्टी होता की बटाट्याच्या पाण्यावर, ओटवर, साखरेवर, कशावरही ठेवा, त्याला केस म्हणून फुटत नसे. त्याला त्यांनी कोणाचंच नाव दिलं नाही. तो नुसता टकल्या. त्याच्यावाचून प्रबंध अडला होता. बाकी सगळं लिहून तयार, पण टकल्याचं काय बिघडलंय हे सांगितल्याशिवाय गाइड सही करायला तयार नव्हते आणि भाऊजी ते सांगितल्याशिवाय सही मागायला तयार नव्हते.

त्यांच्या कामाचा पहिला नियम म्हणजे एका बशीत एकच. शेजार नको. शेजार आला की भेसळ आली आणि भेसळ आली की बशी फेकायची. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. त्यांचं ताट वेगळं, वाटी वेगळी, जेवायची वेळ वेगळी. आम्ही सगळे जेवून उठलो की ते एकटे पाटावर बसत आणि आमटीत काय कमी पडलंय ते भिंतीला सांगत. माझा त्यावर फार जीव जळे. एकत्र बसून नावं ठेवा ना, निदान तोंडावर तरी उत्तर देता येईल. कुकरही दोन होते. एक माझा, भाताचा. एक त्यांचा, त्यात ते बटाट्याचं पाणी, साखर आणि आपण खिरीत घालतो ते चायना ग्रास असा त्यांच्या पाहुण्यांचा स्वयंपाक शिजवत. एकदा सासूबाईंनी चुकून त्यांच्या कुकरात डाळ लावली, तर दोन दिवस त्यांनी डाळही खाल्ली नाही आणि जिवाणूंनाही उपाशी ठेवलं. घराला सदा ओल्या मातीचा वास. पाहुणे म्हणत, वा, काय छान वास येतो हो तुमच्याकडे. भाऊजी आतून ओरडत की तो मातीचा नाही, ज्यांना तुम्ही जंतू म्हणता त्यांचा आहे.

पुढे एके वर्षी प्राध्यापकांचा संप झाला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं. भाऊजी संपात होते आणि संपावर चिडलेलेही होते. कुलूप लागायच्या आधी त्यांनी सगळे टकले जेवणाच्या डब्यात घालून घरी आणले. पण काचेच्या बशा आत राहिल्या. घरी होत्या त्या पुरेनात आणि ताज्या अन्नावर काढले नाहीत तर टकले मरणार. दोन दिवस धुसफुस करून शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. बशीच्या तळाला बाहेरून लाल पेन्सिलीने मधोमध रेघ मारली, भाऊभावांच्या वाटणीत मारतात तशी, आणि स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल करून रेघेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे टकल्यांचे पट्टे ओढले. एका बशीत टकल्या आणि धाकटी शेजारी आले. बशा माझ्या डब्यांच्या फडताळावर गेल्या आणि मला हात लावायची बंदी झाली.

हात लावायची बंदी होती, बघायची नव्हती. रोज डाळीचा डबा काढताना मी धाकटीकडे बघत असे, शेवटी माझं नाव होतं. एका सकाळी दिसलं की धाकटी तशीच चकचकीत आहे, पण टकल्याच्या धाकटीकडच्या कडेला पांढरी लव आलीय. दुसऱ्या कडेला काही नाही, फक्त तिच्याकडच्या. मी भाऊजींना हाक मारली. चहा झालेला नव्हता, तरी मारली. ते आले, बशी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. भेसळ, ते म्हणाले. माझ्या इडलीच्या पिठातलं काहीतरी उडून आत गेलं होतं. मी म्हटलं की इडलीचं पीठ रेघ बघून एकाच कडेला कसं उडेल. त्यांनी ऐकलं नाही. चकचकीत बाजूकडून टकल्याचा आणि धाकटीचा एकेक ठिपका तेवढा त्यांनी बाटलीत काढून घेतला, मग भेसळ मारायला बशी कुकरात गेली, शिट्टी झाली, आणि टकल्याचे केस त्यांच्याच हातून शिजले. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी मुद्दाम इडल्या केल्या आणि त्यांच्या ताटात घातल्या. त्यांनी त्या नावं न ठेवता खाल्ल्या, हेही तेव्हा लक्षात आलं नाही.

संप मिटला. टकले आपापल्या वेगळ्या बशांत परत गेले. वर्षं गेली, सासूबाई गेल्या, टकल्या टकलाच राहिला. नव्वदीच्या मध्यावर कधीतरी ठाण्यातल्या एका कॉलेजात शनिवारी दुपारी व्याख्यान ठेवलं होतं, मातीतले जिवाणू एकमेकांशी कसे बोलतात ह्यावर. भाऊजी आधीच्या आठवड्यापासून तापले होते. जिवाणू म्हणजे काय नळावरच्या बायका आहेत का गप्पा मारायला, असं ते मला विचारत. माझ्या बँकेतून त्यांनी मला परस्पर उचललं आणि आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो. बंगळुरूहून आलेल्या एक मध्यमवयीन बाई बोलणार होत्या. दिवे मालवले आणि पडद्यावर काचेची बशी आली. तिच्यात दोन टकले शेजारी ओढलेले होते. त्यातल्या एकाच्या फक्त शेजाऱ्याकडच्या कडेला पांढरे केस होते.

मी भाऊजींकडे बघितलं नाही. मला माझं फडताळ दिसत होतं. बाई सांगत होत्या की हे परदेशात आधी कोणीतरी पाहिलं. केस फुटायचा हुकूम एका झटक्यात निघत नाही, निरोपावर निरोप अशी साखळी असते. एखाद्याला निरोप तयार करता येत नाही, पण बाहेरून आला तर पाळता येतो. शेजारच्याला तो निरोप तयार करता येतो, पण त्याचं पुढचं काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून पहिल्याला केस फुटतात आणि देणारा टकला राहतो. इतकी वर्षं एकेकाला वेगळं ठेवून बघितल्यामुळे हे कोणाला दिसलं नव्हतं, असं बाई सहज म्हणाल्या. प्रश्न विचारा म्हणाल्या तेव्हा ओळखीचे दोघेचौघे प्राध्यापक वळून भाऊजींकडे बघू लागले, त्यांना तमाशा हवा होता. भाऊजी उभे राहिले. मी पर्स घट्ट धरली. ते म्हणाले, "तुम्ही बशी फेकली नाहीत, हे फार चांगलं केलंत." आणि खाली बसले.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग विचारलं, "कमी बोललो का?" इतक्या वर्षांत मला ह्याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. त्यांचा, गाइडचा, त्या एका बशीत एकच म्हणणाऱ्या सगळ्या शास्त्राचा. मी म्हटलं, मी साक्षीदार आहे, मी आत जाऊन सांगते की आमच्या घरी हे आधी झालं होतं. ते म्हणाले, "झालं होतं गं. मी शिजवलं." त्या दिवशी ते रसाच्या गाडीवर थांबले नाहीत.

त्यानंतर भाऊजींचा राग गेला. ऐकायला बरं वाटतं, पण ज्यांनी तसं घर पाहिलं नसेल त्यांनाच बरं वाटेल. प्रबंधाचं बाड माळ्यावर गेलं. कॉलेजातून येऊन ते गॅलरीत खुर्चीवर बसत. आमटी कशीही झाली तरी चालू लागली. रेडिओवरची बाई खुशाल जंतू मारत असे. सेक्रेटरीने मागच्या जागेचा ठराव पुन्हा आणला तेव्हा ते सभेलाच गेले नाहीत, सिमेंटला पैसे जमले नाहीत म्हणून जागा वाचली. मी एकदा मुद्दाम त्यांच्या खुर्चीखाली फिनेल टाकून पुसलं. त्यांनी पाय वर घेतले. मला तो माणूस डोळ्यांदेखत मरताना दिसत होता आणि आमचे हे म्हणत होते, दादा किती शांत झालाय नाही.

मग एका रविवारी मी ह्यांचा हात धरून त्यांना गॅलरीत नेलं. कशाला म्हणाले, तर म्हटलं की मला भांडायचंय, साक्षीदार लागतो, तुम्ही नुसतं उभं राहा. मी भाऊजींना म्हटलं, "टकल्याला केस फुटले. तुम्हाला कळलं. पण देणारी धाकटी टकलीच राहिली, तिचं काय? तिने जन्मभर दुसऱ्यांना द्यायचं आणि तुम्ही खुर्चीत बसायचं? माझं नाव दिलंय तुम्ही त्या जंतूला." हे "जाऊ दे गं" म्हणाले. भाऊजींनी पुन्हा पाय वर घेतले. मला वाटलं, गेलं सगळं. मग त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. "जंतू नाही," ते म्हणाले, "जिवाणू. दहा वेळा सांगितलंय." आणि खुर्चीतून उठले. त्यांच्या आवाजाने समोरच्या इमारतीतली खिडकी उघडली. मी आत स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले आणि त्यांचा कुकर माळ्यावरून काढून घासून ठेवला.

पुढचे कित्येक महिने घरात पुन्हा मातीचा वास होता आणि माझे बटाटे पुन्हा नाहीसे होत होते. धाकटीला त्यांनी प्राचार्याशेजारी ठेवलं, सेक्रेटरीशेजारी ठेवलं, वायरमनशेजारी ठेवलं. कोणीच तिला काही देईना, ह्याचा मला अजिबात अचंबा वाटला नाही. प्रबंध पुरा करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आता त्यात नवं काही राहिलं नव्हतं. तरी ते रोज बशा ओढत. मग एकदा मी भात लावत असताना हाक आली, "धाकटे, साक्षीदार पाहिजे." फडताळावरच्या बशीत रेघेच्या एका बाजूला आंबिवली होती, मातीतून काढलेली मूळची, काहीही न बिघडलेली. दुसऱ्या बाजूला धाकटी. आणि धाकटीच्या अंगावर, आंबिवलीकडच्या कडेला, पांढरी लव. तिला जे कमी पडत होतं ते घरच्याच आंबिवलीकडे होतं, आणि दोघींना शेजारी ठेवायचं इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, हे कुठे छापायचं का? ते म्हणाले, "नाही. हे घरातलं आहे." त्या दिवशी ते आमच्याबरोबर जेवायला बसले. आमटीत मीठ कमी होतं हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं आणि मी तोंडावर उत्तर दिलं.

आता भाऊजी नाहीत. आंबिवलीची बाटली मी ठेवलीय, त्यातली कोरडी माती अजून जिवंत असेल असं तेच म्हणायचे. मागच्या मोकळ्या जागेवर सिमेंट टाकायचा ठराव नव्या सेक्रेटरीने परवा पुन्हा आणला. मी एकटीच उभी राहिले आणि अशी भांडले की सेक्रेटरीने ठरावाचा कागद घडी घालून खिशात टाकला. ठराव पुन्हा बारगळला. जिन्यात आल्यावर मी थांबले, चष्मा काढला, पदराने पुसला. जास्त बोलले का, हे विचारायला शेजारी कोणी नव्हतं, तरी मी विचारलं.